आत्याचा लेहरा, माझं लूप

आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव चिडका आहे. घरात, ऑफिसात, रिक्षावाल्यांशी, भाजीवालीशी, सगळीकडे मी आधी चिडते आणि तासाभराने मला वाईट वाटतं. त्यामुळे कॅफेच्या मालकांनी मला जिन्यात गाठून, "मॅडम, अजून दोन कार्यक्रम बघू. नाही जमलं तर थांबू," असं सांगितलं, तेव्हा मी फक्त "बरं" म्हणाले, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. "बरं" म्हणाले, स्कूटर काढली आणि स्वारगेटच्या गर्दीतून मांजरी गावातल्या घरी पोचेपर्यंत हेल्मेटच्या आत एकटीच भांडत होते.

कार्यक्रम म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण माझ्या सासूबाईंनाही तो अजून नीटसा कळलेला नाही. नारायण पेठेत एक कॅफे आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर साठ खुर्च्यांचा छोटा हॉल. महिन्यातून दोन रविवारी सकाळी साडेदहाला मी तिथे एकटी बसायचे. समोर माइक, बाजूला पेटी आणि दिमडी, आणि पायाशी चपलेच्या खोक्याएवढं एक मशीन. पायाने त्याची कळ दाबली, की मी जे गाईन-वाजवेन ते मशीन धरून ठेवतं. पुन्हा दाबली, की तेवढाच तुकडा परत परत वाजवत राहतं. त्यावर मी दुसरं काही गाते, तेही ते धरतं. मग तिसरं. असे एकावर एक थर चढवत गेलं, की एकट्या बाईचे पाच-सहा गळे होतात. याला लूपिंग म्हणतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला जादूच वाटते. दुसऱ्यांदा तेवढी नाही वाटत, आणि माझं घोडं तिथेच अडलं होतं.

"लोक पहिला अर्धा तास तोंडं उघडी टाकून बघतात," मालक म्हणाले होते, "आणि मग एकेक करून उठतात. शेवटाला वीस डोकी उरतात. कंटाळतात हो. वाईट नका वाटून घेऊ." पुण्यात कुणी 'वाईट नका वाटून घेऊ' म्हणालं, की समजावं, घाव बरोबर बसलेला आहे.

मला वाईट वाटून घेणं भाग होतं. चौदा वर्षं मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग केलं. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना कळवायच्या. माझ्या स्वभावाला इतकं साजेसं काम शोधून सापडलं नसतं. तरी ते सोडलं आणि घरात सगळ्यांकडून एक वर्ष मागून घेतलं. वर्षात गाण्याचं काही जमलं तर ठीक, नाहीतर गुपचूप परत नोकरी, असं माझ्याच तोंडाने कबूल केलं होतं. वर्ष संपत आलं होतं. माझ्या जुन्या मॅनेजरबाईंचा निरोपही आला होता, की जागा रिकामी आहे, पण हो का नाही ते कळव. त्यांनी दिलेला सोमवार नेमका मालकांच्या दुसऱ्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी येत होता. परत त्या खुर्चीवर जाऊन मला बसायचं नव्हतं.

मग मी काय केलं? जे घाबरलेला माणूस करतो तेच. आहे त्यात भर घातली. सहा थरांचे नऊ केले. खुळखुळे आणले, घुंगरू आणले, गळ्यातून निरनिराळे घों घों आवाज काढायचा सराव केला. नवरा म्हणाला, "जरा जास्त होतंय का?" त्याच्यावरही चिडले.

त्या दोनांतल्या पहिल्या रविवारी माझी आत्या कार्यक्रमाला आली. मी बोलावली नव्हती. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांची, शाळेत क्लार्क म्हणून निवृत्त झालेली, आणि कॅफेपासून दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी. तिला न बोलावण्याचं कारण तिचं तोंड. आणि दुसरं कारण असं, की संगीतातलं तिचं जे काम होतं त्याला मी मनातल्या मनात हसायचे. चाळीस वर्षं आत्या एका तबल्याच्या क्लासात लेहरा द्यायला जाते. लेहरा म्हणजे पेटीवर एकच ओळ, सोळा मात्रांची, परत परत परत. तबला वाजवणारा त्या ओळीच्या आधारावर आपलं काय ते कौशल्य दाखवतो, टाळ्या घेतो, आणि पेटीवाला तासभर तीच ओळ धरून बसतो. लहानपणापासून मला वाटायचं, जगात याहून कंटाळवाणं काम नसेल. बैल तरी बरा, त्याला संध्याकाळी सोडतात.

तर आत्या दुसऱ्या रांगेत येऊन बसली, मांडीवर पिशवी घेऊन. पहिल्या दोन गाण्यांना तिने टाळ्याही वाजवल्या. तिसऱ्या गाण्याला मी दिमडीचा ठोका धरला, मशीन त्याची घडी घालू लागलं, आणि दुसऱ्या रांगेतून स्वच्छ आवाज आला, "आता टाळ्या."

आत्याला थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे तिला स्वतःचं बोलणं म्हणजे पुटपुटणं वाटतं. तिने ते स्वतःशीच म्हटलं होतं. पण हॉलभर ऐकू गेलं, आणि मी पुढच्याच क्षणी टाळ्या वाजवायला घेतल्या, कारण तिथे टाळ्याच होत्या. दोघीतिघी खुसखुसल्या.

"आता खालचा सूर," आत्या म्हणाली. मी खालचा सूर लावला.

चौथ्या गाण्यात तिच्या शेजारचे गृहस्थ तिला विचारू लागले, "आजी, आता काय?" पाचव्यापर्यंत सगळी रांग तिच्याकडे वळली होती. "आता ते घों घों येईल," आत्या अगदी शांतपणे सांगत होती, "मग वर जाऊन हा हा हा. मग सगळं एकदम बंद. आणि मग ही डोळे मिटेल."

मी डोळे मिटले होते हो! सवयच झाली होती तशी. हॉल फुटला हसून. मी उरलेली गाणी कशी संपवली ते मला आठवत नाही. कान तापले होते एवढं आठवतं. गंमत म्हणजे त्या दिवशी फार कुणी उठून गेलं नाही. पण ते माझ्या गाण्यासाठी थांबले नव्हते, हे मला पुरतं कळत होतं.

सामान आवरलं आणि तशीच आत्याच्या घरी जाऊन थडकले. दार उघडून ती म्हणाली, "हात धू."

"मी जेवायला आलेली नाहीये."

"भांडायला आलीयेस, दिसतंय. उपाशीपोटी भांडू नये, मुद्दे आठवत नाहीत."

ताटात वरणभात वाढला, वर लिंबू पिळलं. मी चार घास गिळले आणि सुरू झाले. माझं वर्ष, माझी नोकरी, मालकांचे दोन रविवार, आणि त्यातल्या एकाचं तू वाटोळं केलंस, साठ माणसांत माझं हसं केलंस, हे सगळं मी मोठ्याने सांगितलं, तिला नीट ऐकू जावं म्हणून. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एक सांग. माझं एक तरी चुकलं का?"

हेच तर दुखणं होतं. एकही चुकलं नव्हतं.

आणि मग मी जे बोलू नये ते बोलले. "तू मला सांगतेस? तू स्वतः चाळीस वर्षं एक ओळ वाजवतेस! ये रे माझ्या मागल्या! मी निदान नऊ थर तरी चढवते."

आत्याने हातातला घास ताटात परत ठेवला. माझी चूक मला तासाभराने नव्हे, तिथल्या तिथे कळली. तिने ताटं उचलली, हात पुसले, पेटीवरचा कपडा काढला आणि म्हणाली, "आण तुझं ते मशीन वर."

दोन मजले उतरून, परत चढून मी मशीन आणलं. तिने आपली ओळ वाजवली, सोळा मात्रा, आणि मी बरोबर जागेवर कळ दाबून ती धरली. "आता हात काढ," म्हटलं. तिने पेटीवरून हात काढले आणि तिची ओळ तिच्याशिवाय वाजत राहिली. पहिल्यांदा ती लहान मुलीसारखी खूश झाली. "अगं बाई! मीच की ही!" म्हणाली. बडीशेप तोंडात टाकून ऐकत बसली. एक मिनिट, दोन, पाच. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"हे कुणाचं ऐकतच नाहीये गं," ती म्हणाली.

"मशीन आहे ते."

"ते दिसतंय मला. पण मी वाजवते ना, तेव्हा तबल्याचं ऐकत वाजवते. तो दाट वाजवायला लागला की मी पातळ होते. तो नुसता ठेका धरून बसला की मी थोडी सजते. तो हरवला की समेवर हात दाबते, त्याला कळावं की घर इथे आहे म्हणून. आणि ही खाली ऐक याची. समेइतकीच जड!"

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, सगळे येऊन मिळतात ती. आणि खाली म्हणजे अर्ध्या वाटेवरची मोकळी जागा. तिथे टाळी देत नाहीत, हात नुसता हवेत हलवतात, आणि तबल्याचा घुमणारा डावा हात तिथे काही मात्रा गप्प बसतो. हे मला माहीत होतं. लहानपणी तिनेच शिकवलं होतं. पण माझ्या नऊ थरांत कुठे एक कण तरी मोकळा आहे का, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. सगळं भरलेलं. माणसाला श्वास घ्यायला जागा नाही, मग तो उठून बाहेर जाईल नाहीतर काय करेल?

"मंगळवारी क्लासला ये," आत्या म्हणाली. "माझा गुडघा दुखतोय, लेहरा तू दे." तिचा गुडघा ठणठणीत होता. रोज दोन मजले चारदा चढते ती.

मंगळवारी गेले. समोर तबल्यावर एक काका बसले होते, स्वारगेट डेपोतून निवृत्त झालेले कंडक्टर, मूळचे फुरसुंगीकडचे. साठीनंतर तबला शिकायला लागलेले आणि आता परीक्षेला बसणार होते. मी पेटी धरली. पाच मिनिटांत मला कंटाळा आला. दहा मिनिटांत मी ओळीत स्वतःच्या हरकती भरायला लागले, आणि काका गडबडले, सम चुकले, थांबले.

"ताई, समेला जरा दाबा की," ते संकोचून म्हणाले. "मी हुकतोय बघा."

मला राग आला. हुकतायत ते आणि बोलणी मला! कोपऱ्यात आत्या मटार सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुझं गाणं कुणी ऐकायला आलेलं नाहीये. त्यांना समेवर पोचव."

शुक्रवारी परत तेच. पुढच्या मंगळवारी मात्र काहीतरी झालं. कंटाळा इतका झाला, की करायला दुसरं काही नाही म्हणून मी काकांच्या हातांकडे बघत बसले. त्यांचा डावा हात खालीला उचलला जातो, तेव्हा माझाही भाता हलका होऊ लागला. ते नव्या जागी निघाले, की त्यांचे खांदे आधी वर जातात, हे दिसायला लागलं. त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला, की मी समेवर बोट घट्ट दाबायचे आणि ते हसून मान हलवायचे. मग आत्या म्हणाली, "पुरे, चहा घ्या," आणि मी घड्याळाकडे पाहिलं तर चाळीस मिनिटं झाली होती. एकच ओळ! मला खरंच धक्का बसला.

"आमचं तसंच होतं बघा," काका चहा पिताना म्हणाले. "तीच गाडी, तोच रूट, तीस वर्सं. लोक म्हनायचे कंटाळा येत नाय का. अवो, रस्ता तोच हाय, पन पाशिंजर रोज दुसरं."

"झालं का प्रवचन?" आत्या म्हणाली. "कायद्याचे बोल परत वाजवा. दुसऱ्या ओळीत तुमचं तिकीट फाटतंय."

त्या संध्याकाळी मी घरी कागद घेऊन बसले आणि माझी दहाही गाणी टेस्टिंगला घेतली. कुठलं कशाने सुरू होतं, मग काय येतं, किती वेळ चालतं, कसं संपतं. लिहून काढल्यावर मला माझीच लाज वाटली. दहाच्या दहा गाणी एकाच साच्यातली. ठोका, टाळ्या, खालचा सूर, घों घों, हा हा हा, बंद, डोळे. चौदा वर्षं लोकांच्या चुका काढून पगार घेतला आणि स्वतःची एवढी ढळढळीत चूक वर्षभर दिसली नाही.

चार गाणी काढूनच टाकली. एक मशीनला हात न लावता नुसत्या पेटीवर म्हणायचं ठरवलं. एकात ठोकाच नाही, नुसता श्वास आणि कुजबुज धरायची आणि गाणं त्यावर तरंगू द्यायचं. एकात उलटं केलं. सगळे थर सुरुवातीलाच भरून टाकायचे आणि मग गाताना एकेक काढून घ्यायचा, शेवटी माझा गळा तेवढा उरेपर्यंत. काढून घेणं किती अवघड असतं, ते तेव्हा कळलं. लावायला धीर लागत नाही, काढायला लागतो. आणि प्रत्येक गाण्यात खाली ठेवली, एक मोकळी जागा, जिथे मी काहीही करायचं नाही.

शेवटच्या गाण्यासाठी मला आत्या हवी होती. लेहरा मशीनने द्यायचा नाही, तिने द्यायचा, समोर बसून, हाताने, आणि त्यावर मी माझे थर लावीन. विचारलं तर फिस्सकन हसली. "लेहरेवाल्याकडे कोण बघतं? जाहिरातीतसुद्धा नाव नसतं." दोन दिवसांनी आपणहून फोन करून म्हणाली, "येईन. पण मी तुझ्या मशीनच्या मागे धावणार नाही, आधीच सांगते." मी हो म्हणाले. त्या वेळी त्याचा अर्थ काही माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

दुसरा रविवार आला. हॉलमध्ये पन्नासएक माणसं होती. त्यातली काही सरळसरळ आत्यासाठी आली होती, गेल्या वेळची गंमत ऐकून. तेच गृहस्थ परत तिच्या शेजारी येऊन बसले होते. आजचं बिघडलं तर उद्या मॅनेजरबाईंना 'हो' कळवायचं, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं.

पहिलं गाणं पेटीवर, बिनमशीनचं. लोक जरा बुचकळ्यात पडले आणि पुढे सरकून ऐकू लागले. दुसऱ्यात मी कळ दाबायला उशीर केला आणि थर लंगडा धरला गेला. एरवी मी तसाच पुढे रेटला असता, वर चार थर चढवून झाकला असता. त्या दिवशी थांबले. "चुकलं, परत घेते," म्हणाले. लोक हसले, पण प्रेमाने. तिसऱ्या गाण्यात मी श्वास धरला, कुजबुज धरली, आणि थांबले. शेजारच्या गृहस्थांनी विचारलंच, "आजी, आता काय?"

"गप्प बसा हो," आत्या म्हणाली. "ऐकू द्या."

एवढं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

मग शेवटचं गाणं. आत्या पिशवी खुर्चीवर ठेवून पुढे आली, पेटीशी बसली, पदर खोचला. तिची ओळ सुरू झाली. चार-पाच आवर्तनं नुसती तीच. मी टाळीचा एक थर धरला, मग सुराचा एक, मग गाऊ लागले. छान चाललं होतं. आणि मग मला जाणवलं, की काहीतरी घासतंय. माझी टाळी मागे पडत होती. मशीनची टाळी मी धरली त्याच लयीत होती, एक केसभर इकडेतिकडे नाही. आत्याची ओळ पुढे निघाली होती. दोन आवर्तनांत टाळी आणि सम एकमेकींपासून इतक्या लांब गेल्या, की हॉलमधल्या कुणालाही कळावं.

"आत्या, हळू!" मी माइक बाजूला करून दबक्या आवाजात म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हनुवटी वर, नजर समोर, भाता चालूच. घरी केलेली सगळी तयारी माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात चालली होती.

मी कळ दाबून धरली आणि सगळे थर पुसून टाकले.

सगळं गेलं. आत्याची एकच ओळ उरली, बारीकशी, पेटीच्या एकाच सप्तकात. खाली आली, तसा तिचा भाता इतका हलका झाला, की सूर विझतोय का काय असं वाटलं. मग सम आली. मला काही सुचत नव्हतं, म्हणून मी नुसतं ऐकलं. दोन आवर्तनं, चार आवर्तनं. हॉलमधून कुणी उठलं नव्हतं. माणसं खुर्चीच्या कडेला येऊन बसली होती. मागच्या रांगेत ते कंडक्टर काका हाताने ताल धरत होते. टाळी, टाळी, खालीला हवेत हात, टाळी. त्यांचं बघून शेजारच्या बाई धरू लागल्या. मग त्यांच्या पुढची रांग. ज्यांना तालातलं ओ की ठो कळत नाही, अशी वीस-पंचवीस माणसं खालीला अलगद हात हवेत सोडत होती.

मी नव्या लयीत एक सूर धरला. तो चार-पाच आवर्तनं टिकला. आत्या परत पुढे निघाली, मी परत पुसलं, परत वेगळं धरलं. आधी टाळी होती, आता नुसती चुटकी. मग नुसता 'अं'. पुढे काय येणार ते मलाच माहीत नव्हतं, तर आत्या कुठून सांगणार! कुठलाच थर शिळा व्हायला वेळ मिळत नव्हता. तीनदा पुसलं, तीनदा परत बांधलं. शेवटी दोघी धापा टाकत एकदम समेवर आलो आणि थांबलो. टाळ्या सुरू झाल्या. मी डोळे उघडे ठेवून सगळ्या बघितल्या.

सामान आवरत होते तेव्हा मालक वर आले. चेहरा आंबट.

"मॅडम, आज मध्यंतर केलं नाहीत तुम्ही."

मी साफ विसरले होते.

"खाली पातेलंभर चहा उकळून उकळून काळा झालाय. कुणी उठलंच नाही तर विकायचा कुणाला?"

"सॉरी."

"सॉरीचं काय करू? पुढच्या रविवारांना साडेअकराला मध्यंतर म्हणजे मध्यंतर. लिहून ठेवा." आणि खाली निघून गेले. 'पुढच्या रविवारांना' हे शब्द माझ्या डोक्यात शिरायला पुरता एक जिना उतरावा लागला. मग मात्र मी भर रस्त्यात आत्याला मिठी मारली. "लोक बघतायत," ती म्हणाली, पण सुटायची काही घाई केली नाही.

तिला सोडायला घरी गेले. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती थांबली, कठड्याला टेकली. एरवी कधी थांबत नाही. मीही थांबले आणि फोन काढून मॅनेजरबाईंना निरोप लिहायला लागले.

"काय लिहितेस?"

"नोकरीला नाही म्हणून कळवतेय."

"भीती वाटतेय?"

"हो," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू, एकच वाक्य तिसऱ्यांदा पुसून लिहीत होते.

आत्याने आपला हात माझ्यासमोर धरला. पाचही बोटं थरथरत होती. कार्यक्रम संपून तास झाला होता आणि अजून थरथरत होती.

"सगळे माझ्याकडे बघत होते गं," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत असं कुणी बघितलं नव्हतं. लोक तबल्याकडे बघतात. आज समोर बघितलं तर सगळ्यांचे डोळे माझ्यावर."

"म्हणून एवढी लय वाढवलीस? मला वाटलं, मला धडा शिकवतेयस."

"कसला धडा!" आत्या म्हणाली. "मी घाबरले होते. हात आवरतच नव्हता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझी लय पळाली, आणि तू बया पुसून पुसून माझ्या मागे येत राहिलीस. नाहीतर आज माझं काही खरं नव्हतं."

मी हसायला लागले आणि हसता हसता रडू आलं, तशी तीही हसायला लागली. तिलाही बसवून तिथेच पायरीवर तिच्याशेजारी बसले आणि निरोप पाठवून दिला.